पांढरी, काळी आणि तहसीलची रेकॉर्ड रूम

१८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे जिल्ह्याचे खंड निघाले. त्यात सासवड आहे, जेजुरी आहे, पुरंदर किल्ल्याला तर पानंच्या पानं दिली आहेत. आमच्या गावाला जागा नाही. नसणारच. किल्ला नाही, बाजारपेठ नाही, पालखीचा रस्ता लांबून जातो. कऱ्हेला मिळणारा एक ओढा, त्याच्या काठाला दोनशेच्या आतबाहेर उंबरा, बाजरी-ज्वारीचं शिवार आणि अलीकडे अंजीर-सीताफळाच्या बागा. एवढंच गाव.

इतिहास लिहायचं निघालं ते जत्रेच्या पुस्तिकेवरून. यात्रा कमिटीच्या पोरांनी मजकूर तयार केला होता: एका शूर सरदारानं डोंगरावरून भाला फेकला, तो जिथं रुतला तिथं गाव वसलं. शेजारच्या गावांतही हीच गोष्ट सांगतात, फक्त सरदाराचं आडनाव बदलतं. मी गावची लेक, पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेली. म्हटलं, थांबा जरा, मी बघते. पोरं म्हणाली, "आत्या, पुढच्या जत्रेपर्यंत द्या." पुढची जत्रा आली आणि गेली, त्याच्या पुढचीही गेली.

एक गोष्ट मात्र मी आधीच ठरवून टाकली होती. गावाचा इतिहास म्हणजे गावातल्या एका घराण्याचा इतिहास नव्हे. पाटलाचा वाडा, गढी, वेस यांच्याविषयी सगळेच सांगतात. मला सगळं गाव हवं होतं. कुंभारवाडा, रामोशी आळी, ओढ्यापलीकडची वस्ती, जी घरं उठून गेली त्यांचीही हकीकत. खेड्याचं असं सविस्तर चित्र काढता येतं, याचे दाखले आपल्या जिल्ह्यातच आहेत. पेशवाई बुडाल्यावर लगेच डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरनं पुण्याजवळच्या लोणीचं, म्हणजे आजच्या लोणीकंदचं, बारीकसारीक वर्णन लिहून ठेवलं. जमीन किती, घरं कशी, लोक काय खातात, कर्ज किती. पुढं सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. तिथं १७७१ साली सरासरी ४० एकरांची धारण होती, ती १९१५ च्या सुमाराला ७ एकरांवर आली होती. आज त्या पिंपळे सौदागरात टॉवर उभे आहेत. तो अभ्यास झाला नसता तर तिथं कधी नांगर चालत होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आमच्या गावाला कुणी कोट्स किंवा मान येणार नव्हता, तेव्हा आपणच बसायचं.

सुरुवात माणसांपासून केली, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. पारावरच्या म्हाताऱ्यांकडं गेले. ते भरभरून बोलायचे, पण सगळं एकात एक मिसळलेलं. आजोबांच्या वेळचं आणि स्वतःच्या तरुणपणीचं वेगळं निघेना. खरा ठेवा सापडला तो लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींकडं. गावात राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गाव रोज थोडं थोडं बदलत जातं, आणि जुनं पुसलं जातं. माहेरवाशिणीच्या मनात मात्र ती ज्या साली बोहल्यावर चढली त्या सालचं गाव जसंच्या तसं राहतं. बारामतीकडं दिलेल्या नव्वदीच्या एका आत्यानं डोळे मिटून मला वेशीपासून ओढ्यापर्यंतची घरं ओळीनं सांगितली. कुणाचं माळवद, कुणाचं छप्पर, कुणाच्या दारात पिंपरणी, कुठं तेलघाणा, कुणाच्या सोप्यात शाळा भरायची. तिच्या सांगण्यावरून मी गावठाणाचा कच्चा नकाशा काढला. पुढं ग्रामपंचायतीच्या जुन्या घरपट्टीच्या रजिस्टरशी ताडून पाहिला, तर घरांचा क्रम जुळला.

सालं कुणाला सांगता येत नाहीत, पण खुणा पक्क्या असतात. "पानशेत फुटलं तवा मी वर्षाची व्हते" म्हटलं की १९६१. "कोयनेच्या भूकंपात भित पडली" म्हटलं की डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ तर प्रत्येकाच्या तोंडात. आमच्या गावचा पाझर तलाव त्या दुष्काळी कामातला. खडी फोडायला सगळं गाव एका रांगेत बसलं होतं, वतनदार आणि बलुतेदार शेजारी शेजारी. मजुरीवर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांची चव बायकांना आजही सांगता येते. "भाकरी थापली तर चिरायची, गिळवायची न्हाई, पण लेकरं जगली," असं एका चुलतीनं सांगितलं. मी ते तिच्या शब्दांत तसंच लिहून घेतलं.

मग शिवार पायी फिरले. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. गावाबाहेर उंचवट्यावर राखी रंगाची भुसभुशीत माती आहे, तिला पांढरी म्हणतात. माणसांची वस्ती, चुली, जनावरं, पडलेली घरं यांनी पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेली ती माती. लोकांनी ती खत म्हणून गाड्यांनी नेऊन शेतात टाकली, त्यामुळं टेकाड निम्म्यावर आलं आहे. अजूनही पावसानंतर तिथं खापरं उघडी पडतात. म्हणजे गाव एका जागी नव्हतं, ते सरकत आजच्या जागी आलं. मारुतीच्या देवळामागं एक वीरगळ आहे. खाली लढाई आणि पळवून नेलेली गुरं, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. गाव तिला शेंदूर फासतं आणि नवरदेव तिथं नारळ फोडतो. गाईगुरं सोडवताना मेलेल्या कुणा एका माणसाचा हा दगड. भाला फेकणाऱ्या सरदारापेक्षा हा बिननावाचा माणूस मला आपल्या गावाचा जास्त वाटला. पोरांना मी तो दगड हात लावून दाखवला. चौकट न्‌ चौकट समजावून सांगितल्यावर भाल्याची गोष्ट त्यांनी आपणहून मागं घेतली.

शिवारात शेतांची नावं गोळा केली. जोशाचा मळा, गुरवकी, तेल्याचं टेंभ, हाडकी, चिंचेचा दरा, बामणाची पट्टी. जोशी गावात नाहीत, तेली नाहीत, कुलकर्ण्यांचं घर तर १९४८ च्या जाळपोळीनंतर उठलं ते परत आलंच नाही. गांधीजींच्या खुनानंतर या भागात ब्राह्मणांची घरं जळाली त्यात आमच्या कुलकर्ण्यांचा वाडाही गेला आणि त्याबरोबर पिढ्यांचं दप्तर गेलं. गावाच्या कागदांची पहिली प्रत त्या रात्री संपली. हे गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी लिहिलं. घडलं ते लिहायचं, एवढं तर या कामाला आपण देणं लागतो.

शेतांची नावं मात्र झपाट्यानं जात आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानं पुढं गावात योजना राबवली, सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. तेव्हापासून पोरं "गट अमुक" म्हणायला लागली. गट नंबर सांगितला तर बँकेला कळतं. तेल्याचं टेंभ म्हटलं तर गावात तेली होते हे कळतं.

कागदांचा शोध घेताना मी मागून पुढं न येता आजपासून मागं गेले, आणि कुणी विचारलं तर हीच वाट सांगते. आजचा सातबारा हातात घ्यायचा, त्यावरचे फेरफार नंबर, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे नंबर, बघायचे, ते फेरफार काढायचे आणि एकेक पायरी खाली उतरायचं. बरेच जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. त्याआधीचं हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, शोध शुल्क आणि धीर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळं फेरफारांची साखळी साधारण तिथपर्यंत जाते. त्याच्या मागं जायचं तर भूमी अभिलेख कार्यालय. १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली आणि तिचीच रीत पुढं सगळ्या दख्खनभर चालली. त्याआधीच्या प्रिंगलच्या मोजणीनं सारा इतका चढा बसवला होता की लोकांनी जमिनी टाकल्या होत्या.

टिपण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मोजणीदारानं शेतातच बसून काढलेली कच्ची आकृती, बांधाच्या लांब्या साखळी-आण्यांत, कोपऱ्याला विहिरीचं चिन्ह, झाडाचं चिन्ह. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपण रोज बोलतो ते माप त्या साखळीतून आलेलं. मातीची प्रतही आण्यांत, सोळा आणे म्हणजे उत्तम काळी. आमच्या गावात सोळा आण्यांची जमीन थोडकीच, ओढ्याच्या दोन्ही अंगांना. ती कुणाकडं आणि मुरमाड माळ कुणाकडं, हे एका तक्त्यात मांडलं की गावाची अर्धी सामाजिक रचना समोर येते. एका कार्यालयात आमच्या गावचा एक गठ्ठा वाळवीनं खाऊन त्याची चाळण झाली होती. तिथल्या कारकुनालाच वाईट वाटत होतं. उरलेल्या पानांचे फोटो काढून मी आज ना उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून ग्रामपंचायतीतही ठेवले.

फेरफारात बायका शोधायच्या तर वेगळी नजर लागते. जमीन पुरुषांच्या नावावर, बाई दिसते ती विधवा झाल्यावर वारस म्हणून, किंवा अज्ञान मुलाच्या नावापुढं 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, म्हणून. पण तेवढ्यावरूनही कळतं. प्लेगच्या आणि मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या, सालांनंतर अशा नोंदी एकदम वाढलेल्या दिसतात. घराघरांतला कर्ता पुरुष गेला आणि बाईनं शेत राखलं. कुळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कुळांची नावं मालकीत येतात, कलम ३२ गची चौकशी, ३२ मचं प्रमाणपत्र. गावाच्या इतिहासातली ती मोठी उलथापालथ आहे आणि तिचा उल्लेख आमच्या एकाही जुन्या स्मरणिकेत नाही.

२०२३ च्या शेवटी अभिलेख कक्षांत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली होती आणि सगळा महाराष्ट्र पणजोबांचे कागद शोधत होता. मोडी वाचणाऱ्या माणसाला त्या दिवसांत डॉक्टरपेक्षा जास्त मान होता. मला त्या गर्दीचा फायदाच झाला. वर्षानुवर्षं न सुटलेले गठ्ठे सुटले, बरंचसं स्कॅन झालं. लोक जातीचा रकाना बघून पान उलटत होते, मी शेजारचे रकाने उतरवून घेत होते.

त्यातलंच एक कोतवाल बुक. गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची नोंद. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. एरवी पानावर चार-सहा महिन्यांचा मजकूर मावतो. १९१८ चा ऑक्टोबर उघडला आणि पानामागून पान एकाच महिन्याचं निघालं. कारण एकच, 'ताप'. खाली पुन्हा ताप, पुन्हा ताप, मग नुसत्या खुणा. "मुलगी, वय आठ दिवस, नाव ठेवले नाही." एकाच घरातली सासू, सून आणि नातू लागोपाठच्या दिवशी. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरुवातीला टपोरं आहे, पुढं घाईचं होत जातं आणि नोव्हेंबरात ते बदलतंच, दुसऱ्याच कुणाचं अक्षर सुरू होतं. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, आणि वर त्याच साली पाऊसही फसला होता. हा आकडा मी शाळेत शिकले असते तरी विसरले असते. आमच्या ओढ्याकाठची माणसं नावानिशी वाचल्यावर तो कळला. माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचं नाव त्याच पानावर आहे. घरात ती कधी होती हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

१८१८ च्या मागं, पेशवाईत जायचं तर मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख विभागाच्या वर्गात बसले. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं त्या रेघेला जोडत न्यायची. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, मौजेचं नुसतं 'मौ' आणि दोन रेघा. पेशवाईतलं वळण जमायला लागलं की आकडे अडवतात. रुपयांपुढच्या उभ्या रेघा म्हणजे पावल्या, आडव्या म्हणजे आणे. नंतर सालं. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७८ सुहूर सन, म्हणजे त्या कागदांतला अरबी आकड्यांचा सन. त्यात ५९९ मिळवले की १७७७, मृगापासून पुढच्या मृगापर्यंतचं वर्ष. निवृत्तीनंतर नवी लिपी शिकणं अवघड आहे असं लोक म्हणतात. रोज एक पान उतरवलं तर ती येते. माझ्याबरोबर वर्गात माझ्याहून मोठी माणसं होती.

पुण्याचं पुरालेखागार, लोक ज्याला पेशवे दप्तर म्हणतात, तिथं कागद कापडात बांधलेल्या रुमालांत आहेत. हजारोंनी रुमाल. गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात त्यातून ४५ खंड निवडून छापले, तरी गावोगावचे हिशेब, झडत्या, ठिकेझाडे असले वसुलीचे आणि जमिनींचे कागद बहुतेक बांधलेलेच आहेत. इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या वेळी वतनदारांकडून जमा झालेले कागद जमाव दप्तरात तालुक्यावार आहेत. खेड्याचा शोध घेणाऱ्यानं आधी तिथं जावं असं मी सांगेन. कितीतरी रुमालांत आमचं गाव एका ओळीपुरतं भेटलं: मौजे अमुक, ऐन जमा (मूळ सारा) इतकी, बाबती (वरच्या पट्ट्या) इतकी, गावखर्च इतका. 'गतकूळ' असा शब्द वारंवार येतो. ज्या घराण्याचं कुणी उरलं नाही त्यांचं थळ, म्हणजे जमीन, पण नाव अजून त्यांचंच. आजच्या गावात न सापडणारी आडनावं तिथं भेटली आणि त्यातलं एक शेताच्या नावात आजही जिवंत आहे.

आणि एक दिवस महजर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याचा कागद, हातात आला. हातकागदाचे लांबट बंद एकाखाली एक चिकटवलेले. शेजारच्या गावाशी शिवेचा तंटा, गोत जमलेलं, साक्षी झालेल्या, निवाडा लिहिलेला. मजकुरापेक्षाही मी गुंतले ती खालच्या निशाण्यांत. पाटलाच्या नावापुढं नांगर काढलेला, सुतारापुढं किंकरं, परिटापुढं मोगरी, न्हाव्यापुढं आरसा. लिहिता न येणाऱ्या माणसांनी आपलं हत्यार काढून सही केलेली. रेघा थरथरत्या, नांगराचा फाळ थोडा वाकडा. शेवटी विळदोर, म्हणजे गावच्या महाराची निशाणी, आणि नावाच्या शेवटी 'नाक'. शीव कुठून कुठं जाते हे त्यानं चालून दाखवलं आणि दोन्ही गावांनी ते मान्य केलं, असं महजरात स्पष्ट आहे. शिवेच्या वादात महाराची साक्ष प्रमाण मानायची ही गावगाड्याची रीत होती. ती पुस्तकात वाचलेली होती. इथं तो माणूस नावानिशी समोर होता.

ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या एका बाबांनी मला बरंच आधी सांगितलं होतं, "आमच्या म्हाताऱ्यानं ह्या गावाची शीव राखली, डोक्यावर माती घेऊन चालला." त्यांच्या सांगण्यात शिवेचे दगड सात होते, महजरात पाच निघाले आणि बाकीच्या खुणा झाडं-ओढ्यांच्या. पण चिंचेच्या दऱ्याशी वळणारी शीव दोन्हीकडं एकच. महजराची नक्कल मी आधी त्यांना वाचून दाखवली, मग गावाला. त्यांनी नातवाला हाक मारली, "हिकडं ये, आपलं नाव लिव्हलंय सरकारात," आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.

याच माणसांना गावविहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली. आमच्या गावात त्यानंतरही कितीतरी वर्षं वस्तीच्या बायका कळशी घेऊन विहिरीच्या खालच्या अंगाला ताटकळत. कुणी वरून ओतलं तर पाणी. हे मला सांगणाऱ्या बाया आज हयात आहेत. हाडकीची जमीन म्हणजे महार वतनाची. १९५८ च्या कायद्यानं वतनं खालसा झाली, नजराणा भरून जमिनी नव्या शर्तीनं परत मिळाल्या, आणि पुढच्या फेरफारांत त्या तुकड्यातुकड्यानं दुसऱ्यांकडं जाताना दिसतात. शीव सांगणाऱ्याच्या वारसांकडं शेवटी शिवारातलं काय उरलं, हे मी गट नंबरांसह मांडलं.

पुस्तिकेचा कच्चा खर्डा ग्रामसभेत वाचला तेव्हा विहिरीच्या पानावर वाद झाला. "आक्का, आता सगळी एक हायेत, जुनं कशाला उकरायचं?" असं वडीलधारे म्हणाले. त्यांच्या मनात वाईट होतं असं मला वाटत नाही, त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, वीरगळ छापायची, गढी छापायची, तर विहीरही छापायची. त्या दिवशी बोलल्या त्या वस्तीतल्या मुली. एक जण अंगणवाडीसेविका, दुसरी पुण्यात नर्स. नर्स म्हणाली, "छापा. माझ्या आजीची कळशी अजून घरात हाय." सरपंचबाईंनी तिथंच ठराव घेतला. पान राहिलं.

घराण्यांच्या वंशावळीसाठी त्र्यंबकेश्वरला गेले होते, ते सांगायचं राहिलं. तीर्थोपाध्यायांकडं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की लांबट वही निघते. आमच्या गावची माणसं श्राद्धाला, नारायण नागबळीला, कुंभाला आली ती त्यात आहेत. आलेल्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं: बाप, आजा, पणजा, भाऊ, आणि आईचं नाव, बायकोचं नाव. सरकारी कागदात न सापडलेल्या बायका मला या वह्यांत सापडल्या. गुरुजींनी निघताना माझ्याकडूनही नोंद लिहून घेतली. मी आईकडच्या बायकांची नावं जितकी ठाऊक होती तितकी सगळी घातली.

पुस्तिका जत्रेत वाटली. गिरणगावात गेलेली घरं जत्रेला हमखास येतात, तिथून काम पुन्हा वाढलं. लालबागहून आलेल्या एका कुटुंबानं आजोबांचं गिरणीतलं हजेरी कार्ड आणि गावाहून आलेली पोस्टकार्डं आणून दिली. त्यात पाऊसपाणी, बैलाची किंमत, कुणाचं लग्न ठरलं, सगळं आहे. १९८२ च्या संपानंतर ही माणसं परत आली तेव्हाची पत्रं तर वेगळ्या प्रकरणाची आहेत आणि तो भाग मी अजून लिहिलेला नाही.

शेतांच्या नावांचा नकाशाही अर्धाच झाला आहे. गाव नकाशाची मोठी प्रत काढून शाळेच्या भिंतीवर लावली आहे. मुलं घरी विचारून येतात आणि गुरुजी पेन्सिलीनं नावं भरतात. उत्तरेकडच्या माळावरचे गट अजून कोरे आहेत. तिकडची कुळं पूर्वी धनगरवाड्यातली, ती दौंडकडं सरकली. दिवाळीनंतर तिकडं जायचं आहे. बारामतीची आत्या म्हणते, तिथली दोन नावं तिला आठवतात, पण पट्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती सांगणार नाही, म्हणून गाडी करून तिलाही बरोबर न्यायचं ठरलं आहे.